दुखण्याचे हालहवाल

आज घरचे हालहवाल काय?

"छान," रुगेमालिरा म्हणाला. "पण—"

"ते राहू दे, आधी हे बघ," मी म्हणाले आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

पुढचा प्रश्न.

आज रोजच्या कामाचे हालहवाल काय?

छान. काम संपलं होतं. चार वर्षांचं काम पडद्यावर एका आकड्यात येऊन बसलं होतं. शून्य पूर्णांक शून्य एक.

पूर्ण धडधाकट माणसाचं एक वर्ष म्हणजे एक. मेलेला माणूस म्हणजे शून्य. आपण सगळे मधे कुठेतरी. औषध घेतल्यावर माणूस शून्याकडून एकाकडे किती सरकला ते मोजायचं, औषधाच्या खर्चाशी ताडून बघायचं, आणि विमा योजनेला सांगायचं की हे औषध द्या किंवा देऊ नका. आमची पीएचडी एवढीच. विचारणं माझ्या वाट्याला, हिशेब रुगेमालिराच्या वाट्याला. अभ्यास एक, प्रबंध दोन.

औषध सिकल सेलचं. रोज एक कॅप्सूल. म्वांझात, सरोवराच्या या काठाला, हा आजार शेजारच्या घरी नसेल तर आपल्या घरी असतो. योजनेनं एक वर्ष कॅप्सूल फुकट वाटली आणि आम्हाला सांगितलं, सुरुवातीला विचारा, वर्षअखेरीला विचारा, फरक दाखवा. फरक दिसला तर कॅप्सूल यादीत कायम. नाही दिसला तर बंद.

शून्य पूर्णांक शून्य एक म्हणजे बंद.

योजनेच्या समितीची बैठक आज दुपारी होती. आमचे मार्गदर्शक दार-एस-सलामच्या विमानात, फोन बंद. माझा धाकटा भाऊ शिजा याच योजनेतली कॅप्सूल घेतो. अभ्यासात मी त्याला घेतलं नव्हतं. तरी सख्खा भाऊ औषधावर आहे, हे आमच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं, आणि समितीची अट अशी की निकालावर मी तोंड उघडायचं नाही. जायचं, खुर्चीत बसायचं. बोलणार रुगेमालिरा.

तेव्हा काम छान. पण—

पुढचा प्रश्न.

आज दुखण्याचे हालहवाल काय?

"पोआ," शिजा फोनवर म्हणाला. हा शब्द तो कशालाही वापरतो. पोआ म्हणजे मस्त, पोआ म्हणजे ठीक, पोआ म्हणजे जा आता. बाजारात मोबाइल दुरुस्तीची त्याची लाकडी टपरी आहे. मागे कुणीतरी लाउडस्पीकरवर चपला विकत होतं. "पोआ आहे गं ताई. पण—"

"बरं बरं, संध्याकाळी बोलू. आज बैठक आहे." मी फोन ठेवला.

पुढचा प्रश्न.

आज मनाचे हालहवाल काय?

"आकडा चुकलाय," मी म्हणाले.

"माझा आकडा?" रुगेमालिरानं छातीवर हात ठेवला. "अगं सुकुमा लोकांच्या पोरी, सरोवरापलीकडे आमच्या बुकोबात कोंबड्या दाणे मोजून टिपतात. आणि माझा आकडा चुकणार?"

"आला न्शोमिले."

न्शोमिले म्हणजे 'मी शिकलेला आहे'. रुगेमालिराच्या हाया लोकांना सगळा देश या नावानं चिडवतो आणि ते चिडत नाहीत, हीच पंचाईत आहे.

"तीनदा काढला," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "नोंदी बघ. पहिल्या फेरीत पेशंटला विचारलं, दुखण्याचे हालहवाल काय. जवळजवळ सगळे म्हणाले, छान. वर्षानंतर विचारलं. छान. आधी ठणठणीत, नंतरही ठणठणीत. ठणठणीत माणसाला औषध देऊन काय सुधारणार तू? केळ्याला साखर लावणार?"

"सिकल सेलचे पेशंट ठणठणीत?"

"असं ते म्हणतात. आणि विचारणाऱ्या पोरींना तूच शिकवलंस ना? पहिलं उत्तर तेच उत्तर. पेशंटच्या तोंडात शब्द घालायचा नाही. खोदून विचारायचं नाही. उत्तर आलं की दाबा, पुढचा प्रश्न."

शिकवलं होतं. मीच शिकवलं होतं. टॅब घेऊन फिरणाऱ्या आमच्या मुली शिस्तीच्या होत्या, शब्द इकडचा तिकडे करत नसत.

"रुगे, शिजा रात्र रात्र भिंतीला पाठ लावून बसायचा. आई त्याच्या गुडघ्यांना गरम पाण्याची फडकी बांधायची. हे औषध सुरू झाल्यापासून—"

"शिजा हा एक जण आहे."

"माहीत आहे."

"तू संशोधक लिमी म्हणून बोलतेस की शिजाची ताई म्हणून?"

"दुपारनंतर मी कुणीच नाही. मुकी. म्हणून आत्ता बोलते. तो आकडा घेऊन जाऊ नकोस."

"मग काय घेऊन जाऊ? केळी?" त्यानं खुर्ची मागे ढकलली. "ऐक. या सत्राबरोबर माझी शिष्यवृत्ती संपते. आज समितीनं निकाल स्वीकारला की माझा प्रबंध बांधायला जातो. घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर बाबांनी खिळा ठोकून ठेवलाय. माझ्या पदवीच्या लाल झग्यातल्या फोटोसाठी. पाहुणे बाबांना मानानं विचारतात, म्झे, हा खिळा कशाला? बाबा म्हणतात, डॉक्टर रुगेमालिरासाठी. चार वर्षं तिथे नुसता खिळा आहे."

त्याचा फोन वाजला. तो खिडकीशी गेला आणि त्यांच्या भाषेत बोलला. मला हाया येत नाही. पण त्यानं खिडकीची दांडी धरली ती सोडली नाही, एवढं दिसलं. खाली कचऱ्याच्या ढिगावर एक मराबू करकोचा म्हाताऱ्या कारकुनासारखा उभा होता. रुगेमालिरा त्याच्याकडे बघत बोलत होता.

फोन ठेवल्यावर तो लगेच वळला नाही.

"कोण होतं?"

"बहीण. बाबा अजून बोलत नाहीयेत."

"अजून म्हणजे?"

"काल संध्याकाळी अंगणात पडले. उजवी बाजू गेली. आज रात्रीच्या बोटीनं निघतोय मी, बैठक झाली की."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"सकाळीच सांगत होतो. तू लॅपटॉप फिरवलास."

"तू छान म्हणालास!"

"मग काय म्हणणार?" तो वैतागून वळला. "हालहवाल विचारलेस तू. हालहवाल विचारल्यावर माणूस काय म्हणतो? छानच म्हणतो ना आधी? मग 'पण' म्हणतो आणि मग—"

तो थांबला.

मीही थांबले. पडद्यावर अजून प्रश्नावली उघडी होती. तिसरा प्रश्न, ठळक अक्षरांत, माझ्या शब्दांत.

आज दुखण्याचे हालहवाल काय?

छान, पण

ते शब्द माझे होते. मूळ प्रश्नावलीत सरळ प्रश्न होता, दुखतं का? किती? पहिल्या चाचणीत दोन म्हाताऱ्या रागावून उठून गेल्या. एक म्हणाली, पोलीस विचारतात असं. मला लाज वाटली. म्हणून मी प्रत्येक प्रश्नात हाली घातलं. हाली म्हणजे हाल. आमच्याकडे रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही आधी हालीच विचारतात. प्रश्नांना एकदम घरगुती वास आला. म्हाताऱ्या खूश झाल्या. एकीनं आमच्या मुलीच्या गालाला हात लावला, म्हणाली, कुणाची गं तू, किती गोड विचारतेस. इंग्रजीत उलटं भाषांतर करून तपासलं तेव्हा ते नितळ निघालं. नितळच निघणार. इंग्रजीत हाल म्हणजे फक्त स्थिती.

आणि इथे कुणी हाली विचारलं तर घर जळत असलं तरी आधी छान म्हणायचं असतं. मग पाणी मागायचं असतं. यात खोटं काही नाही. छान हे उत्तरच नसतं मुळी. दार उघडल्याचा आवाज असतो तो. आत यायचं की नाही ते समोरच्यानं ठरवायचं.

आमच्या मुली शिस्तीच्या. दार उघडल्याचा आवाज आला की त्या पुढच्या घरी जात.

"नाही," रुगेमालिरा म्हणाला. "नाही, नाही. एका शब्दानं एवढं होत नाही."

"होतं."

"तुला वाटतं म्हणून होत नाही. तपासायला लागेल."

"आज सिकल सेलचा दवाखाना आहे. खाली बाकावर पेशंट बसलेत."

त्यानं घड्याळ बघितलं. मग टॅब उचलला. "मी विचारणार. तू नाही. शब्द तोच. एक अक्षर जास्त बोलायचं नाही, मान हलवायची नाही, तोंड पाडायचं नाही. फक्त..." त्याला तो शब्द जड गेला, "फक्त दाबायचं नाही."

छान, पण

बाकावर होलोची आई बसली होती. ती स्वतःच पेशंट. होलो तिची मोठी मुलगी, ठणठणीत. होलोची आई घाटावर सुकी मासळी विकते आणि आमच्या दोन्ही फेऱ्यांत होती. तिच्या अंगाला वाळवलेल्या मासळीचा वास येत होता आणि डोक्याला नवा निळा किटेंगे बांधला होता, डॉक्टरकडे यायचं म्हणून.

"शिकामू," रुगेमालिरा वाकून म्हणाला, वडीलधाऱ्यांना करतात तो नमस्कार. ती त्याच्यापेक्षा फार मोठी नव्हती, तरी.

"मराहाबा, बाबा. आज पुरुष आला विचारायला? पोरी कुठे गेल्या?"

"आज मी आहे." त्यानं टॅब गुडघ्यावर ठेवला. माझ्या लक्षात आलं, चार वर्षांत यानं एकाही पेशंटशी बोलून बघितलं नव्हतं. त्याच्या हिशेबात होलोच्या आईला एक क्रमांक होता आणि तो क्रमांक ठणठणीत होता. "आज दुखण्याचे हालहवाल काय?"

"छान," ती म्हणाली.

त्याचं बोट 'छान'च्या हिरव्या चौकोनावर होतं. तिथेच राहिलं.

ती वाट बघत राहिली. तोही.

"छान म्हटलं ना बाबा," ती म्हणाली. तिला वाटलं त्याला ऐकू आलं नाही.

त्यानं मान हलवली नाही. पलीकडच्या बाकावर एक मूल खोकलं. कंपाउंडरनं कुणाचं तरी नाव पुकारलं, दोनदा. मी माझ्या चपलेच्या बंदाकडे बघत होते, कारण होलोच्या आईकडे बघितलं असतं तर माझ्या चेहऱ्यानं तिच्या तोंडात शब्द घातला असता. आणि ती काहीच म्हणत नव्हती. मला वाटलं, संपलं. रुगेमालिराचं खरं. छान म्हणजे छान.

"पण," ती म्हणाली.

रुगेमालिराचं बोट चौकोनावरून उठलं.

"पण रात्री पायाच्या हाडात कुणीतरी मका कांडतं. उखळात कसं, धप, धप. मी उठून बसते, नवऱ्याला उठवत नाही. त्याला पहाटे होडीवर जायचं असतं. आधी रोज कांडायचं, रोज. आता कसं, बाजाराच्या दिवसासारखं. येतं, बसतं, उठून जातं. परवा आलं होतं." तिनं त्याच्याकडे बघितलं. "एवढं सगळं सांगायचं असतं का यात?"

"हो," तो म्हणाला. "मागच्या वर्षी हे नाही सांगितलंत, होलोच्या आई."

"सांगणार होते की. तोवर पोरगी मनाचं विचारायला लागली. मला वाटलं, घाईत असेल. लेकीबाळीला कशाला अडवा?"

छान, पण

आम्ही आणखी काही जणांना विचारलं. एक तरुण मुलगा छान म्हणाला आणि खरंच गप्प बसला. दोघं जण 'पण' म्हणाले. एकीनं 'पण' म्हणून नुसतीच मान फिरवली आणि रडली.

जिन्यात रुगेमालिरा पायरीवरच बसला. त्याच्या कडक इस्त्रीच्या पँटला धूळ लागत होती, आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं.

"हे चार जण म्हणजे पुरावा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"आणि औषधाआधी यांचं किती दुखत होतं, ते आता विचारता येणार नाही. ते वर्ष गेलं. आता आठवून सांगतील ते धरता येत नाही."

"नाही येत."

"म्हणजे कॅप्सूल चालते हे दाखवायला तुझ्याकडे काही नाही."

"काही नाही."

"आणि चालत नाही हे दाखवायला माझ्याकडे काही नाही."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"इस्पितळात भरती होणं थोडं कमी झालंय. ते आहे. पण तेवढ्यावर कॅप्सूलचा खर्च भरून निघत नाही, ते मी काढलंय." त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं. "चार वर्षं मी काय मोजलं, लिमी? लोकांचे संस्कार?"

मला हसू आलं आणि ते आलं म्हणून स्वतःचा रागही आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी आल्याचा चहा उकळत होतं, सगळा जिना त्या वासानं भरला होता.

"तू काय करणार आहेस?" मी विचारलं.

त्यानं टॅब माझ्या हातात दिला, पँट झटकली आणि लॅपटॉप घ्यायला वर गेला. त्यात सकाळचंच सादरीकरण होतं. दुसरं करायला वेळच नव्हता.

छान, पण

समितीच्या अध्यक्षा बी म्वानाइदी, म्हणजे म्वानाइदीबाई, किनाऱ्याकडच्या. टांगाच्या. किनाऱ्याच्या माणसाला हालहवाल विचारताना घाई केलेली चालत नाही, मग बाहेर मंत्री उभा असो. त्यांनी टेबलाभोवती एकेकाला विचारलं. प्रवासाचे? छान. कामाचे? छान. मुलांचे? छान. हिशेब खात्याचे म्झे न्कवाबी यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता. तेही छान म्हणाले.

"आणि तुझे, बाळा? घरचे हालहवाल?"

"छान," रुगेमालिरा म्हणाला.

मग त्यानं पहिलं चित्र लावलं. औषध. मग दुसरं. पद्धत. त्याचा आवाज स्थिर होता, प्रत्येक इंग्रजी शब्द त्याच्या बुकोबाच्या मिशन शाळेतल्यासारखा धुतलेला. मी माझ्या खुर्चीत. पहिल्या पानावर माझं नाव आणि खाली छापलेलं: भाऊ याच औषधावर. समोरच्या बाई ते वाचून माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं असतं तर ऐकू फक्त बहीण आली असती.

त्यानं पाचवं चित्र लावलं. प्रश्न. त्यावरून तो भरभर गेला.

शेवटचं चित्र.

"शून्य पूर्णांक शून्य एक," म्झे न्कवाबी उघड्या डोळ्यानं वाचून म्हणाले. "म्हणजे फरक नाही. हे तर सोपं निघालं. मला वाटलं होतं भांडणं होणार." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "यादीतून काढायचं. पुढचा विषय डायलिसिस."

"थांबा हो म्झे, रीत आहे," बी म्वानाइदी म्हणाल्या आणि रुगेमालिराकडे वळल्या. "बाळा, निकालाबद्दल काय सांगशील?"

तो उभा होता. पडद्याचा उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर पडला होता. मला त्या क्षणी तो खिळा दिसला. रिकाम्या भिंतीवरचा. आणि ज्यानं तो ठोकला त्याचा उजवा हात आता उचलत नाही.

"निकाल छान आहे," रुगेमालिरा म्हणाला.

म्झे न्कवाबींनी लिहायला सुरुवात केली.

"पण," रुगेमालिरा म्हणाला.

आणि गप्प झाला. इतका वेळ की मला वाटलं, त्याला पुढचं जमणार नाही. पण पेन थांबलं. टेबलाभोवतीची सगळी माणसं, डायलिसिसची फाइल उघडून बसलेलीसुद्धा, मान वर करून थांबली. चांगल्या घरची माणसं होती ती. समोरचा 'पण' म्हणाला तर मधे बोलायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"बी म्वानाइदी, मघाशी तुम्ही मला घरचे हालहवाल विचारलेत. मी छान म्हणालो. माझे वडील कालपासून अर्ध्या अंगानं लुळे पडले आहेत. वाचा गेली आहे."

"पोले!" खुर्च्या सरकल्या. "पोले साना, बाळा, पोले—" सगळे एकदम हळहळले. बी म्वानाइदी उठून उभ्याच राहिल्या. "आणि तू इथे काय करतोस? आकडे दाखवतोस आम्हाला?"

"मी खोटं बोललो का?" त्यानं विचारलं.

"खोटं कसलं? विचारल्यावर माणूस छानच म्हणतो."

"आमच्या सगळ्या पेशंटना आम्ही असंच विचारलं," रुगेमालिरा म्हणाला. तो मागे गेला, पाचव्या चित्रावर, आणि ते तसंच ठेवलं. "सगळे छान म्हणाले. आणि आम्ही त्यापुढचा 'पण' ऐकायला थांबलो नाही. हा आकडा दुखण्याचा नाही. नमस्काराचा आहे."

कुणीतरी हसलं. म्झे न्कवाबी हसले नव्हते. त्यांनी सुजलेल्या डोळ्याला रुमाल लावला.

"बरं. मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही."

"औषध चालतं की नाही?"

"माहीत नाही."

"चार वर्षांनी?"

"चार वर्षांनी."

"मग माहीत नसताना मी सरकारचा पैसा देत राहू?"

"माहीत नसताना बंद करणार का?" रुगेमालिरा म्हणाला. "बंद करा, पण आमच्या अभ्यासामुळे केलं असं लिहू नका. आमचा अभ्यास काही म्हणत नाही."

त्यानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी उठून गेले असते.

पुढे जे झालं ते गोड नव्हतं. बराच वेळ झालं. म्झे न्कवाबी म्हणाले की प्रश्न कसा विचारावा हे कळायला पीएचडी लागत नाही. दुसऱ्या एकानं विचारलं की ही चूक बहिणीला आजच कशी बरं सापडली. रुगेमालिरा म्हणाला, चूक मला सापडली, माझ्या वडिलांमुळे. शेवटी बी म्वानाइदींनी सांगितलं तेच लिहिलं गेलं. अभ्यास ग्राह्य धरलेला नाही. संशोधकांना ताकीद. कॅप्सूल पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत चालू, त्यानंतर पुराव्याशिवाय एक दिवसही नाही.

"आणि तू बोट पकड," त्या त्याला म्हणाल्या.

छान, पण

धक्क्यावर केळ्यांचे घड उतरवून झाले होते आणि बुकोबाला जाणाऱ्या गाद्या, सायकली, एक शिलाई मशीन वर चढत होतं. रुगेमालिराच्या हातात फक्त लॅपटॉपची पिशवी होती. कपडे घ्यायला तो घरी गेलाच नव्हता.

"आता गावात काय सांगशील?" मी विचारलं.

"सांगेन, चार वर्षं शिकलो आणि भर सभेत माहीत नाही म्हणून आलो. आमच्या लोकांत पहिलाच मी." तो हसायला गेला. "नोंद होईल इतिहासात."

"न्शोमिले."

"हं."

"प्रबंध?"

"पुन्हा विचारावं लागेल. सगळ्यांना. पैसे कोण देणार, माहीत नाही. हे बघ, जमायला लागलं मला ते वाक्य." भोंगा वाजला. तो फळीवर चढला आणि तिथूनच ओरडला, "प्रश्न बदल आधी! तुझे ते गोड शब्द काढून टाक!"

बाबांचं मी काहीच विचारलं नाही. कसं विचारायचं, ते मला त्या वेळी सुचलं नाही.

दुखतं का?

शिजाची टपरी अजून उघडी होती. बल्बखाली तो कुणाचा तरी फोन उघडून बसला होता, तोंडात छोटा स्क्रू.

"दुखतं का?" मी विचारलं.

त्यानं स्क्रू तोंडातून काढला. "काय झालं? पोलिसात लागलीस की काय?"

"सरळ सांग. दुखतं का?"

"नाही."

मी उभी राहिले.

"नाही म्हटलं ना."

मी उभीच.

"ताई, प्रत्येक उत्तरामागे 'पण' असलाच पाहिजे का? आज नाही दुखत. पोआ आहे. गिऱ्हाईक डोक्यावर उभं आहे असं वाटतंय मला, जा ना." तो परत फोनवर वाकला. स्क्रूड्रायव्हर लावला, काढला. परत लावला. शेजारच्या टपरीवाल्यानं फळ्या लावायला घेतल्या, एकेक, खडाखडा. सगळ्या लावून झाल्या.

"सकाळी होतं," शिजा वर न बघता म्हणाला. "पाठीत. तुझा फोन आला तेव्हा. सांगत होतो, तू ठेवलास."

टपरीच्या आत एक मोडकं स्टूल असतं, गिऱ्हाइकांसाठी. मी ते ओढलं आणि बसले.

"आता सांग," मी म्हणाले.